गुऱ्हाळावरचं १६ पानी कॉमिक कसं करायचं

गुऱ्हाळं दिवाळीच्या आसपास पेटतात, तेव्हाच कोल्हापूरजवळचं एखादं गाठा. गुळव्याची (गूळ शिजवणाऱ्या कारागिराची) परवानगी घ्या आणि वहीत काहील (रस आटवायचं मोठं पसरट भांडं), चुलवाण (तिच्याखालची भट्टी) जागेवरच काढा. शेजारी माप आणि वेळ लिहा. नुसत्या फोटोंवर विसंबू नका, वाफेत सगळं धूसर येतं. संवादाच्या फुग्यात माणसाचे स्वतःचेच शब्द हवेत. तुमची जोड निवेदनाच्या चौकटीत.

ए-फोरचे ४ कागद मधोमध दुमडले की ए-फाइव्हची १६ पानं होतात. पानं ४ च्या पटीतच ठेवा. कडेपर्यंत जाणारं चित्र ३ मिमी बाहेर वाढवा, नाहीतर कटिंगनंतर पांढरी रेघ दिसते.

बहुतेकांचं फसतं ते अक्षरांत. आधी मजकूर लिहा, मग भोवती फुगा काढा. ओळी दाटल्या की वरचा उकार खालच्या रफारात अडकतो. छापखान्यात फाँट नसला की जोडाक्षरं फुटतात, म्हणून अक्षरं आउटलाइन करूनच (फाँट न लागणाऱ्या आकारांत बदलूनच) पीडीएफ द्या.

सुरुवातीला ५० प्रती डिजिटलवर छापा. एवढ्यांत ऑफसेटच्या (प्लेट बनवून छापायच्या पद्धतीच्या) प्लेटचा खर्च निघत नाही. छपाईआधी कच्ची पानं गुळव्याला दाखवा. काहिलीला कढई म्हटलेलं तो लगेच पकडतो.