आपल्या कॉलेज फुटबॉल टीमचा खेळ नेमका कसा जोखायचा

मी बोलतोय ते अमेरिकन फुटबॉलबद्दल, हातात बॉल घेऊन खेळतात त्या. सगळ्यात आधी एक गोष्ट, गेम संपल्या संपल्या मत बनवायचं नाही. शनिवारी रात्री हरल्यावर जे वाटतं ना, कोचला काढा, क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) बदला, सीझन बुडाला, त्यातलं निम्मं रविवारी सकाळपर्यंत गळून पडतं आणि जे उरतं त्यातच खरा मुद्दा असतो. ३० नोव्हेंबर २०२४ चं बघा, ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० हरली, बेटिंगवाले त्यांना जवळपास वीस पॉइंटांनी पुढे धरून बसले होते, आणि त्या रात्री कोच रायन डे नको आता असं म्हणणारे त्यांचे स्वतःचे फॅन कितीतरी होते. त्याच टीमने मग टेनेसीला ४२-१७, ओरेगनला ४१-२१, टेक्ससला २८-१४ आणि २० जानेवारी २०२५ ला नोटर डेमला ३४-२३ हरवून नॅशनल चॅम्पियनशिप उचलली. मिशिगनविरुद्ध ते वाईटच खेळले होते, दोन इंटरसेप्शन (समोरच्याने पकडलेले पास), दोन फील्ड गोल (खांबांमधून मारायच्या ३ पॉइंटांच्या किक) चुकले, बाहेर पास पकडणारे एवढे भारी रिसीव्हर असताना मधल्या गर्दीत रन (बॉल घेऊन पळणं) घालत बसले, त्यात खोटं काही नाही. पण एका दिवसाचा वाईट खेळ वेगळा आणि वाईट टीम वेगळी, आणि हे दोन एकमेकांपासून सुटे कसे करायचे तेच मी इथे सांगतोय.

काम गेमच्या आधीच सुरू होतं. शुक्रवारी रात्री एका कागदावर तीन ओळी लिहून ठेवा, समोरची टीम किती तगडी आहे, आपलं काय चालायला हवं, आणि आपल्याला धास्ती कशाची आहे. एवढंच. हे लिहिलेलं नसेल तर गेमनंतर आपली आठवण निकालाप्रमाणे वळते, जिंकलो तर "मला माहीतच होतं" आणि हरलो तरी "मला माहीतच होतं". कागद असला की असं होत नाही.

रविवारी स्कोअर बाजूला ठेवून ड्राईव्ह चार्ट उघडा, ड्राईव्ह म्हणजे बॉल एका टीमकडे आल्यापासून जाईपर्यंतचा एक डाव. प्रत्येक टीमला एका गेममध्ये साधारण दहा ते तेरा ड्राईव्ह मिळतात, प्रत्येकाची सुरुवात कुठल्या यार्ड लाईनवर झाली, किती प्लेज (एकेक चाली) झाले, शेवट कसा झाला, एवढं वाचलं तरी अर्धा गेम कळतो. त्यातून दोन गोष्टी खोडून टाका, हाफच्या शेवटी गुडघा टेकून वेळ संपवलेले ड्राईव्ह, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये फरक तीन टचडाऊनपेक्षा (बॉल शेवटच्या लाईनपलीकडे नेणं, ६ पॉइंट) जास्त झाल्यानंतरचं सगळं. तिथे बेंचवरची मुलं खेळत असतात, डिफेन्स मागे सरकून बसलेला असतो, तिथले १२० यार्ड बघून "आपला ऑफेन्स तसा बरा चाललाय" म्हणायचं म्हणजे स्वतःची समजूत काढणं झालं.

आता मुख्य आकडा, सक्सेस रेट. टोटल यार्ड विसरा थोडा वेळ. बिल कॉनेली या लेखकाने कॉलेज फुटबॉलमध्ये हा हिशोब लोकांना समजावला आणि तो घरी बसून कुणालाही करता येतो. टीमला १० यार्ड पुढे जायला चार डाऊन म्हणजे चार प्रयत्न मिळतात. पहिल्या डाऊनला लागणाऱ्या यार्डांपैकी निदान ५० टक्के मिळाले तर प्ले यशस्वी, दुसऱ्या डाऊनला जे उरलेत त्यातले ७० टक्के, आणि तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. म्हणजे थर्ड अँड १२ ला (तिसरा डाऊन, १२ यार्ड बाकी) ९ यार्ड काढले तर बॉक्स स्कोअरमध्ये (गेमच्या आकड्यांच्या तक्त्यात) छान दिसतं पण पंटच (लाथ मारून बॉल समोरच्याला लांब देणं) करायचाय, ते फेल, आणि थर्ड अँड वनला २ यार्ड काढले तर यश. क्रिकेटवाल्यांना सांगायचं तर स्ट्राईक रोटेट होतोय का हे बघण्यासारखं आहे, सिक्स किती बसले ते नंतर. अमेरिकेतल्या सगळ्या कॉलेज टीम्सची सरासरी चाळीस-बेचाळीस टक्क्यांच्या आसपास असते, पन्नासच्या वर गेलात तर त्या दिवशी तुमच्या ऑफेन्सने समोरच्याला हवं तसं खेळवलं, पस्तीसच्या खाली असाल आणि तरी जिंकलात तर मी जरा काळजीत पडेन. प्ले-बाय-प्ले समोर ठेवून पेन्सिलने टिक मारत गेलात तर अर्धा-पाऊण तास लागतो, आणि हा सगळ्यात सत्कारणी लागणारा वेळ आहे असं माझं स्पष्ट मत आहे. रन आणि पास वेगवेगळे मोजा, पहिला हाफ आणि दुसरा हाफही वेगळा मोजा, कारण सुरुवातीचे दहा-पंधरा प्लेज बरेच कोच आधीच ठरवून आणतात, ते चालले आणि नंतर सगळं थंड पडलं तर तयारी चांगली होती पण समोरच्याने बदल केल्यावर आपल्याकडे उत्तर नव्हतं, हे अगदी स्वच्छ दिसतं.

मोठे प्लेज नंतर बघा. २० यार्डांच्या वरचे किती काढले आणि किती दिले. बघा, एकच ७५ यार्डांची रन काढून टाकली तर उरलेल्या पंचवीस रनमध्ये काय होतं हे विचारायचं, पण ती रन "नशीब" म्हणून फेकून द्यायची नाही, तसा वेग असलेला मुलगा तुमच्याकडे आहे ही खरीच ताकद आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की ती दर आठवड्याला येईलच असं नाही, सक्सेस रेट त्यापेक्षा जास्त टिकतो.

कॉलेजच्या बॉक्स स्कोअरमध्ये एक सापळा आहे ज्यात बरेच लोक पडतात, विशेषतः एनएफएल (व्यावसायिक लीग) बघून आलेले. कॉलेजमध्ये सॅकचे (क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच पाडल्यावर) गेलेले यार्ड रशिंगमधून (रनच्या यार्डांतून) वजा होतात, एनएफएलमध्ये ते पासिंगमधून जातात. त्यामुळे ३० रनमध्ये ९० यार्ड, सरासरी ३, असं दिसलं की सगळे रनिंग बॅकवर (बॉल घेऊन पळणाऱ्यावर) तुटून पडतात. पण त्यात ४ सॅक आणि त्यांचे उणे ३५ यार्ड असतील तर खऱ्या रन २६ आणि यार्ड १२५, म्हणजे ४.८ ची सरासरी, जी चांगली आहे! रन चालत होती, पास प्रोटेक्शन (क्वार्टरबॅकचा बचाव) कोसळत होतं. औषध वेगळं लागणार ना मग. हे वजाबाकीचं काम प्रत्येक गेमला करा, दोन मिनिटं लागतात.

फील्ड पोझिशन आणि पंटर यांच्याकडे फॅन लोकांचं लक्षच नसतं. २०२३ ची आयोवा आठवा, ऑफेन्स दर गेमला सरासरी १५ च्या आसपास पॉइंट करत होता, बघवत नव्हता अक्षरशः, तरी १०-४ रेकॉर्ड झाला आणि टीम बिग टेन या त्यांच्या गटाच्या फायनलपर्यंत गेली, कारण डिफेन्स कडक आणि पंटर टोरी टेलर. त्या मेलबर्नच्या मुलाने त्या सीझनला ४,४७९ यार्ड पंट केले, एनसीएएचा (कॉलेज खेळांची संस्था) एका सीझनचा रेकॉर्ड. समोरच्याला प्रत्येक वेळी स्वतःच्या १० यार्ड लाईनवरून सुरुवात करावी लागली तर स्कोअर आपोआप कमी होतो आणि श्रेय सगळं डिफेन्सला जातं. म्हणून दोन्ही टीमची सरासरी सुरुवात कुठे होती ते काढा, आठ-दहा यार्डांचा फरक असेल तर तुमच्या स्पेशल टीम्सने (किकिंगच्या तुकड्यांनी) गेमला मोठा हात लावलाय, चांगला किंवा वाईट.

रेड झोनचे (समोरच्याच्या शेवटच्या २० यार्डांचे) टक्के मात्र बघूच नका. त्यात फील्ड गोल पण यश म्हणून मोजतात, पाच वेळा आत जाऊन पाच वेळा ३ पॉइंट घेऊन आलात तर १०० टक्के दिसतात आणि हातात १५ पॉइंट. त्यापेक्षा समोरच्याच्या ४० यार्ड लाईनच्या आत किती वेळा गेलो आणि दर वेळी सरासरी किती पॉइंट घेऊन आलो ते मोजा.

टर्नओव्हरबद्दल, म्हणजे बॉल समोरच्याकडे जाण्याबद्दल, मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण इथेच फॅन लोक सगळ्यात जास्त फसतात. फंबल म्हणजे हातातून सुटलेला बॉल, जमिनीवर पडल्यावर तो कुणाच्या हातात जाणार हे जवळपास अर्धं-अर्धं नशीब आहे, तो लंबगोल बॉल कुठेही उडतो. म्हणून फक्त गमावलेले फंबल मोजू नका, पडलेले सगळे मोजा. चार वेळा बॉल सुटला आणि चारही वेळा आपल्याच मुलाने झेप मारून पकडला तर बॉक्स स्कोअरवर शून्य टर्नओव्हर दिसतील, पण रनिंग बॅकचा बॉल धरण्याचा प्रॉब्लेम तसाच आहे आणि तो एक दिवस भोवणार. इंटरसेप्शनचंही तसंच, डिफेन्स ज्या पासला हात लावतो त्यातले साधारण पाचात एक पकडले जातात, बाकीचे खाली पडतात. आपल्या डिफेन्सने दहा पास अडवले आणि एकही पकडला नाही तर कॉर्नरबॅकना (पास अडवणाऱ्या मुलांना) शिव्या देऊ नका, ती मुलं योग्य जागी पोचतायत, पकडले जातील. उलट हात फक्त तीन पासला लागला आणि तिन्ही पकडले, तर आनंद जरूर करा पण पुढच्या आठवड्यात तेच होईल असं धरून चालू नका.

थोड्या फरकाने जिंकणं-हरणंही असंच तपासायचं. नेब्रास्का २०२१ मध्ये ३-९ झाली, नऊच्या नऊ गेम ९ किंवा कमी पॉइंटांनी हरली, आणि सीझनभरात दिलेल्यापेक्षा जास्त पॉइंट केले! आकडे बघणाऱ्यांना वाटलं की नशीब फिरलं की ही टीम वर येणार. पण २०२२ च्या पहिल्याच गेमला, डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध, ११ पॉइंटांनी पुढे असताना त्यांचा कोच स्कॉट फ्रॉस्टने ऑनसाइड किक (बॉल पुन्हा आपल्यालाच मिळावा म्हणून मारायची छोटी किक) मारायला लावली, बॉल समोरच्याला मिळाला आणि गेम ३१-२८ असा गेला, दोन आठवड्यांत फ्रॉस्टची नोकरीही गेली. म्हणजे थोड्या फरकाने हरण्यात नशीब असतंच, पण त्याखाली कोचचे निर्णय, किकिंग, शेवटच्या चार मिनिटांतला गोंधळ असं काही परत परत दिसतंय का ते शोधायचं. दिसत असेल तर त्याला नशीब म्हणू नका.

कोचचा निर्णय निकालावरून जोखू नका, हे मी मनापासून सांगतो. फोर्थ अँड वन, समोरच्याच्या ३८ वर, जायला हवं होतं, गेला आणि अडकला, तरी निर्णय बरोबर. त्या क्षणी माहिती काय होती तेवढंच बघा. टाइमआउट वाया घालवले का, हाफच्या शेवटी पॉइंट सोडून दिले का, आणि पेनल्टी कुठल्या जातीच्या होत्या तेही बघा. होल्डिंग (समोरच्याला धरून ठेवणं) झुंजीत होतं, पण फॉल्स स्टार्ट (प्लेआधीच हलणं), डिले ऑफ गेम (वेळेत प्ले सुरू न करणं), मैदानावर बारा माणसं, हे सगळं मंगळवार-बुधवारच्या सरावातलं आहे आणि ते कोचच्याच खात्यावर लावायचं.

आकडे झाले की गेम परत बघा, आणि या वेळी बॉलकडे बघू नका. स्नॅपनंतरचे (बॉल मागे देऊन प्ले सुरू झाल्यावरचे) पहिले दोन सेकंद फक्त ओ-लाईन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) बघा. आमच्या टीमचा एक गेम मी लाइव्ह बघताना क्वार्टरबॅक घाबरतोय, बॉल धरून बसतोय असं ठासून बोललो होतो, परत बघितल्यावर दिसलं की समोरचे चारच जण येतायत आणि आपला राइट टॅकल (ओ-लाईनचा उजव्या टोकाचा खेळाडू) दर दुसऱ्या प्लेला हरतोय, त्या क्वार्टरबॅकला पाय रोवायलाच वेळ नव्हता. जे बोललो त्याचं खरंच वाईट वाटलं. ही अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची मुलं आहेत, आता त्यांना पैसे मिळतात हे खरं, तरी एका मुलाचं नाव घेऊन ठपका ठेवण्याआधी तो प्ले तीनदा बघा. आणि डिफेन्सच्या वेळी टॅकल (इथे बॉलवाल्याला पाडण्याचे प्रयत्न) कितीदा सुटले ते मोजा, तिसऱ्या क्वार्टरनंतर ते वाढले असतील तर दम कमी पडतोय.

समोर कोण होतं ते शेवटी धरा पण धराच. एफसीएसच्या (कॉलेज फुटबॉलची खालची पातळी) टीमला ५० नी हरवलं यातून फारसं काही कळत नाही, फक्त झगडावं लागलं तर कळतं, १ सप्टेंबर २००७ ला तेव्हा एफसीएसमध्येच असलेल्या अ‍ॅपलाचियन स्टेटने मिशिगनला त्यांच्याच घरी ३४-३२ हरवलं होतं. टीमची पद्धतही बघा, आर्मीने २०२४ मध्ये १२ गेम जिंकले ते रनच्या जोरावर, त्यांचे पासिंग यार्ड बघून ऑफेन्स कमजोर म्हणणं चूकच. आणि टाइम ऑफ पझेशन (बॉल किती वेळ हातात होता), तेज खेळणाऱ्या टीमसाठी त्याला काहीच अर्थ नाही, दर ड्राईव्हला आणि दर प्लेला किती मिळालं ते बघा.

ट्रान्सफर पोर्टलमुळे (खेळाडूंना कॉलेज बदलायची सोय) हल्ली टीमचा बराच भाग दरवर्षी नवीन असतो, तेव्हा सप्टेंबरच्या पहिल्या दोन-तीन गेमवरून ठाम बोलू नका, ओ-लाईनला तर एकमेकांची सवय व्हायला वेळ लागतोच. मी चार गेमचे आकडे एकत्र ठेवतो आणि जुना एक काढून नवा एक घालत जातो, सक्सेस रेट, ४० च्या आतले पॉइंट, सुटलेले टॅकल, स्नॅपआधीच्या पेनल्टी, एवढ्या चारच गोष्टी. प्रत्येक रविवारी शुक्रवारचा कागद उलटा करून मागच्या बाजूला हे लिहा आणि तारीख टाका. रेग्युलर सीझनचे बारा गेम म्हणजे बारा कागद. नोव्हेंबरच्या शेवटी रायव्हलरी गेमच्या आदल्या रात्री ते सगळे ओळीने मांडा आणि धास्तीची ओळ वाचत या, तिथे सप्टेंबरपासून एकच गोष्ट लिहिलेली असेल तर उद्या पहिल्या ड्राईव्हपासून नजर तिथेच ठेवा.