आउटडोअर कपड्यांचं पुढचं दुकान कुठे काढावं? या चुका टाळा

डोंगरावर जाणारा माणूस जॅकेट कधी विकत घेतो? जागा शोधणाऱ्या टीमला मी पहिल्याच बैठकीत हे विचारतो. उत्तर ठरलेलं असतं: "डोंगरावर जाताना." तिथून पुढचे सगळे निर्णय चुकत जातात. जॅकेट घेतलं जातं निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी, बहुधा कामावरून परतताना. ते घरी नेऊन पुन्हा घालून पाहिलं जातं, आतून स्वेटर घालून चेन लागते का ते बघितलं जातं, बाही आखूड वाटली तर दोन दिवसांनी बदलून नेलं जातं. दुकान लागतं ते जिथे बॅग भरली जाते तिथे. जिथे बॅग पाठीवर चढते तिथे ते बहुतेक वेळा उपाशी मरतं.

पायथ्याशी दुकान टाकणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. ज्या ब्रँडसाठी मी काम करत होतो, त्याचं एक दुकान आम्ही एका गजबजलेल्या ट्रेकिंग मार्गाच्या पायथ्याशी काढलं. त्याआधी चार शनिवार पहाटे उभं राहून गाड्या मोजल्या. वाहनतळ सात वाजायच्या आत भरत होता. एवढी माणसं, सगळी आपलीच गिऱ्हाइकं, आणि भाडं शहराच्या मानाने नगण्य. आम्ही खुशीत होतो.

वर्षभरात मोजे, हातमोजे, टोप्या, पातळ पोंचो आणि बुटांच्या नाड्या भरपूर खपल्या. जॅकेटं मात्र हँगरवरून हललीच नाहीत. एका शनिवारी मी पहाटेपासून काउंटरमागे उभा राहिलो, तेव्हा कारण कळलं. एक मुलगा धावत आत आला. बुटाचा तळ सुटला होता, त्याला चिकटवायला काहीतरी हवं होतं. बाहेर गाडीचं इंजिन चालू, मित्र हाका मारतायत. त्याच्याकडे तीन मिनिटं होती. चांगलं जॅकेट निवडायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात: दोन मापं घालून बघायची, हुड ओढून बघायचं, किमतीचा विचार करायचा. एवढा वेळ पायथ्याशी सकाळी कुणाकडेच नसतो, आणि संध्याकाळी माणूस चिखलाने माखलेला, दमलेला असतो. त्याला घरी जायचं असतं. सोमवार ते गुरुवार आमचे दोन सेल्समन एकमेकांची तोंडं बघत बसायचे.

आम्ही गाड्या मोजल्या होत्या. मोजायला हवा होता माणसाकडचा मोकळा वेळ.

याला अपवाद आहेत, आणि ते नीट समजून घ्यावेत. फ्रान्समधलं शामोनी हे डोंगरातलं गाव आउटडोअर कपड्यांच्या दुकानांनी भरलेलं आहे आणि ती चालतात. १९२४ चं पहिलं हिवाळी ऑलिंपिक इथेच झालं, म्हणजे नाव जुनं आहे. पण दुकानं नुसत्या नावावर चालत नसतात. एक तर लोक तिथे चार-सहा रात्री मुक्काम करतात, त्यामुळे हवा बिघडली की अख्खी दुपार मोकळी मिळते. दुसरं, गाव सुमारे १,०३५ मीटर उंचीवर आहे आणि तिथून एग्वी द्यू मिदीचा रोपवे थेट ३,७७७ मीटरवर नेऊन सोडतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे खाली टी-शर्टमध्ये फिरणारा पर्यटक काही मिनिटांत सुमारे अठरा अंश थंड हवेत पोचतो, वर वारा वेगळाच. अशा ठिकाणी गरज आणि फुरसत एकाच दिवशी एकाच माणसाकडे असतात. तुमच्या डोंगरातल्या गावात लोक किती रात्री राहतात, हा आकडा आधी काढा. एकही रात्र राहत नसतील, तर तिथे दुकान नको. फार तर दुरुस्ती आणि भाड्याच्या सामानाचा छोटा काउंटर पुरे.

नकाशावर गोल काढणं

जागेच्या प्रस्तावात हमखास एक नकाशा असतो: दुकानाभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ आणि आत राहणाऱ्यांची संख्या. हे वर्तुळ फसवं आहे. माणूस अंतर मोजत नाही, वेळ मोजतो, आणि त्याच्यापुढे दुसरं दुकानही असतं. बाजारपेठेचे अभ्यासक विल्यम रायली यांनी १९३१ मध्येच मांडलं होतं की बाजारपेठेची ओढ तिच्या आकाराबरोबर वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पुढे १९६० च्या दशकात डेव्हिड हफ यांनी याच विचारातून गिऱ्हाईक कुठल्या दुकानात जाण्याची शक्यता किती, हे काढायचं सूत्र दिलं: दुकानाचा आकार भागिले प्रवासाच्या वेळेचा घात, आणि मग सगळ्या पर्यायांत आपला वाटा किती ते पाहायचं. हा घात मालानुसार बदलतो. रोजच्या वस्तूंना जास्त, सवडीने घ्यायच्या वस्तूंना कमी. खालच्या हिशेबात तो दोन धरला आहे.

समजा, आपलं दुकान २०० चौरस मीटर आणि वस्तीपासून १० मिनिटांवर. स्पर्धकाचं ८०० चौरस मीटर, पण ३० मिनिटांवर. आपली ओढ २०० भागिले १००, म्हणजे २. त्याची ८०० भागिले ९००, म्हणजे ०.८९. एकूण २.८९ पैकी आपला वाटा सुमारे ६९ टक्के. छान. आता हाच हिशेब शनिवारी दुपारचा करा. आपलं दुकान गर्दीच्या रस्त्यावर, त्यामुळे १० मिनिटांची २० झाली. स्पर्धक बाहेरच्या वळणरस्त्यावर, त्याची ३० तीच राहिली. आपली ओढ २०० भागिले ४००, म्हणजे ०.५. वाटा ३६ टक्क्यांवर आला.

दुकान तेच, लोक तेच. फक्त घड्याळ बदललं आणि निम्मं गिऱ्हाईक गेलं. म्हणून प्रवासाची वेळ मंगळवारी सकाळी अकरा वाजता मोजू नका. तुमची विक्री ज्या तासांत होते त्या तासांत स्वतः गाडीने, बसने आणि पायी जाऊन मोजा. पार्किंग शोधण्यात गेलेली मिनिटंही धरा. बूट आणि मोठी सॅक घेऊन बदलायला येणाऱ्याला ती फार जाणवतात.

स्पर्धकापासून लांब पळणं

"त्या रस्त्यावर आधीच चार दुकानं आहेत, तिथे नको." हे वाक्य ऐकलं की मी उलट त्या रस्त्याची चौकशी करतो. टोकियोत कांदा भागात स्की आणि डोंगराच्या सामानाची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. लंडनमध्ये कव्हेंट गार्डनजवळही अशा दुकानांचा घोळका आहे. माणसाला सॅक एका ठिकाणी आवडते, जॅकेट दुसऱ्या, बूट तिसऱ्या; सगळं एका फेरीत होणार असेल तर तो लांबूनही येतो. एकटं दुकान ही फेरी देऊ शकत नाही. मात्र घोळक्यात जाताना तुमच्याकडे इतरांपेक्षा वेगळं काय आहे हे स्पष्ट हवं. बायकांच्या मापांची खरी रेंज असो, लहान मुलांचे कपडे असोत किंवा दुरुस्तीची सोय असो. शेजाऱ्यांसारखाच माल घेऊन गेलात तर फक्त सवलतीची स्पर्धा उरेल.

ऑनलाइन ऑर्डरचा नकाशा उलटा वाचणं

जिथून सर्वांत जास्त ऑर्डर येतात तिथे दुकान, हा विचार सरळ वाटतो. पण त्या भागातली माणसं दुकानाशिवाय समाधानी आहेत, असाही त्याचा अर्थ असू शकतो. मी ऑर्डरच्या बरोबरीने परत आलेल्या पार्सलांचा नकाशा मागतो. एकाच माणसाने एकाच जॅकेटची एम आणि एल अशी दोन मापं मागवून एक परत पाठवलं असेल, तर त्याने आपल्या घरात ट्रायल रूम थाटली आहे. असे लोक जिथे दाटीने आहेत तिथे दुकानाची खरी गरज आहे, आणि तिथे दुकान उघडल्यावर परतीच्या वाहतुकीचा खर्चही कमी होतो. ती बचत दुकानाच्या खात्यात जमा धरायला विसरू नका. बहुतेक कंपन्यांत ती दुसऱ्याच विभागाच्या आकड्यांत हरवते.

हवामानाचंही असंच आहे. शहराचं सरासरी तापमान बघून "इथे थंडीच नाही" म्हणत जागा नाकारली जाते. उकाड्याच्या शहरातला माणूसही सुट्टीत बर्फात जातो, आणि त्याच्या कपाटात त्यासाठी काहीच नसतं. विचारायचं ते हे, की इथली माणसं फिरायला कुठे जातात.

गाळा न पाहता चौक पाहणं

चौक उत्तम, गाळा निकामी, असं फार होतं. आउटडोअर कपड्यांना मागे भरपूर कोठार लागतं. एक जॅकेट, चार रंग, सहा मापं म्हणजे चोवीस नग. पुरुष-बायकांचं वेगळं धरलं तर अठ्ठेचाळीस, तेही प्रत्येकी एकच. शिवाय डाऊन, म्हणजे पिसं भरलेली जॅकेटं महिनोन् महिने दाबून पिशवीत ठेवता येत नाहीत. पिसांचा फुगवटा कमी होतो आणि ऊब त्या फुगवट्यात अडकलेल्या हवेतच असते. म्हणजे ती टांगून किंवा सैल ठेवायला जागा हवी. दर्शनी भाग रुंद आणि मागे कपाटाएवढी खोली, असा गाळा कितीही मोक्याचा असला तरी नको.

ट्रायल रूम बघताना तिच्यात उभं राहून दोन्ही हात वर करा. चढताना हात वर गेले की जॅकेट कमरेवरून किती सरकतं, हे गिऱ्हाइकाला तपासता यायला हवं, तेही आतून फ्लीस, म्हणजे लोकरीसारखा मऊ उबदार थर घालून. साध्या कपड्यांच्या दुकानातल्या अरुंद खोलीत कोपरं भिंतीला लागतात. बूट विकणार असाल तर उताराची छोटी फळी बसवायला जागा हवी. उतरताना बोटं पुढे आपटतात की नाही ते सपाट फरशीवर कळत नाही.

जागा स्वतःच माल समजावून देते, याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे आरईआय या आउटडोअर सामान विकणाऱ्या सहकारी संस्थेचं अमेरिकेत डेन्व्हरमधलं दुकान. १९०१ सालच्या ट्राम कंपनीच्या वीजघरात ते २००० साली सुरू झालं. शहराच्या मध्यवर्ती भागाला लागून आणि दोन नद्यांच्या संगमावर. बाहेर लोक पाण्यात कयाक चालवताना दिसतात. रोज शहरात येणारा माणूस आणि खेळ, दोन्ही एकाच दारात. अशी इमारत सगळ्यांना मिळत नाही, पण शहरातली टेकडी, नदीकाठ, क्लाइंबिंगची भिंत यांच्या वाटेवरचा गाळा शोधता येतो.

करार सहीला आला की

भाडेकरारातून बाहेर पडायची मुभा पहिल्या बारा महिन्यांतच संपत असेल, तर ती जवळपास निरुपयोगी आहे. बारा महिन्यांत मुख्य मोसम एकदाच येतो आणि तो नेमका उबदार किंवा कोरडा गेला तर काहीच कळत नाही. दोन पूर्ण मोसम पाहून झाल्यावर वापरता येईल अशी मुभा मागा. तात्पुरतं दुकान लावून चाचणी घेत असाल तर त्यातला निम्मा काळ मंदीचा ठेवा. ऐन मोसमातल्या तीन महिन्यांची विक्री चारने गुणून वर्षाचा अंदाज बांधलेले तक्ते मी पाहिलेत. त्यांवर सही करू नका.

आणि दुकान मोसमाच्या मध्यावर उघडू नका. माल सहा महिने ते वर्षभर आधी मागवलेला असतो. गाळ्याचं काम दोन महिने लांबलं तर थंडीचा सगळा साठा थेट सवलतीत जातो.

दुकान उघडलंय आणि चालत नाही?

आधी तपासा की लोक आत येत नाहीत की आत येऊन घेत नाहीत. येतच नसतील तर दोष जागेचा, पाटीचा किंवा पार्किंगचा. येतात, हात लावतात आणि जातात, तर जागा बरी असून माप नसणं, माल कोठारात अडकणं किंवा ट्रायल रूमची रांग हे कारण असतं. ते महिन्याभरात सुधारतं, त्यासाठी दुकान हलवू नका.

विक्री फक्त शनिवार-रविवारी होत असेल तर सातही दिवस उघडं ठेवायचा हट्ट सोडा. नवं दुकान भरभरून चालतंय, पण जवळच्या जुन्या दुकानाची विक्री तेवढीच घटलीय, तर दोघांचे आकडे एकत्र मांडूनच निर्णय घ्या. लहान मोजे-टोप्या खपतात आणि जॅकेटं पडून राहतात, तर तुमची गत आमच्यासारखी झाली आहे. आम्ही शेवटी पायथ्याची दोन तृतीयांश जागा परत केली. उरलेल्या भागात बूट दुरुस्ती, भाड्याचे तंबू आणि मोजे ठेवले, शुक्रवार ते रविवार. जॅकेटं शहरात नेली, ट्रेकच्या बसेस जिथून सुटतात त्या थांब्याच्या मागच्या रस्त्यावर. तिथे बुधवारी-गुरुवारी संध्याकाळी गर्दी होऊ लागली.

त्या काउंटरवर आम्ही एक साधी वही ठेवली होती. काही न घेता निघालेल्या माणसाला सेल्समन दोनच गोष्टी विचारायचा: कुठून आलात आणि काय मिळालं नाही. जाहिरातीसाठी नाही, मोबाइल नंबर नाही. ही वही आजच सुरू करा आणि दर सोमवारी वाचा. पुढच्या गाळ्यासाठी दलालाला फोन करण्याआधी तिचा "कुठून आलात" हा रकाना नकाशावर मांडा.