आधी उभं राहायला शिका, मग तरंगायला

गावाकडं विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला सुकलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधत, कारण विहिरीत पाय टेकायला जागाच नसते. तलावाच्या उथळ बाजूला ती असते. नवख्या माणसानं आधी तिचाच फायदा घ्यावा.

मी चाळिशीत शिकायला लागलो आणि कमरेएवढ्या पाण्यात गटांगळ्या खाल्ल्या. पालथा तरंगलो तो ठीक, पण उभं राहायला पाय सरळच खाली रेटले. ते मागेच राहिले आणि तोंड पाण्यात. शेजारच्या सात वर्षांच्या पोरानं सांगितलं, "काका, आधी गुडघे पोटाशी घ्या." सगळी गोम तिथंच आहे.

पाणी कमरेच्या वर आणि छातीच्या खाली असावं, आणि सोबत पोहता येणारं माणूस हवंच. पहिल्या दिवशी फक्त कठडा धरून श्वासाचं काम करा. तोंडानं श्वास घ्या, चेहरा पाण्यात घाला, नाकातून हळूहळू बुडबुडे सोडा. जास्तीत जास्त वेळ श्वास कोंडायची पैज मात्र लावू नका; त्यात माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो.

मग गोळा. श्वास भरून घ्या, हनुवटी छातीला लावा, गुडघे हातांनी कवटाळा. क्षणभर खाली गेल्यासारखं वाटेल आणि मग पाठ आपोआप वर येईल. हवा भरलेली फुप्फुसं हाच तुमचा भोपळा. हे एकदा पाठीला जाणवलं की निम्मी भीती जाते. मिठी सोडा, पाय खाली टेका, उभे राहा.

आता पालथं तरंगणं. हात पुढं लांब करा, चेहरा पाण्यात, नजर तळाच्या फरशीवर, आणि तळाला हलकेच रेटून पाय सोडून द्या. उठताना क्रम महत्त्वाचा : गुडघे पोटाशी, पसरलेले हात पाणी दाबत मांड्यांकडे, पाय खाली, तळवे टेकले की मग डोकं वर. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो, डोकं आधी काढतो. डोक्याचं वजन चार-पाच किलो; ते पाण्याबाहेर काढलं की पाण्याचा आधार सुटतो आणि बाकीचं अंग तेवढं खाली जातं.

उताणं तरंगताना कान पाण्यात बुडू द्या. इथंच बरेच जण अडतात. कानात पाणी गेलं की मान वर येते, माणूस स्वतःच्या अंगठ्यांकडे बघतो आणि कंबर बुडते. नजर वर छताकडे ठेवा, पोट वर उचला. पाय तरीही बुडत असतील तर हात डोक्यामागं लांब करा. तोल वरच्या बाजूला सरकतो. सडपातळ माणसांचे पाय थोडे खाली जातातच, मनावर घेऊ नका. उठताना हनुवटी छातीकडे, गुडघे वर आणि खुर्चीत बसल्यासारखी कंबर खाली. हातांनी मागचं पाणी पुढं ओढा, अंग सरळ होईल.

दहा सेकंद तरंगून कठड्याला हात न लावता उभं राहणं, पालथं पाच वेळा आणि उताणं पाच वेळा जमलं, की मग पाय मारायची फळी हातात घ्या.