उपाशीपोटीचा नमुना आणि ‘वंश’ नावाचा रकाना

पुण्यात बी. फार्म. करून मी अमेरिकेत एपिडेमिऑलॉजी, म्हणजे लोकसमूहांतील रोगांचा अभ्यास, शिकायला आले, तेव्हा कर्करोगाचा अभ्यास म्हणजे पेशी आणि औषधे, एवढीच माझी समजूत होती. पहिल्याच सत्रात मार्गदर्शक बाईंनी एक विसंगती समोर ठेवली: अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण श्वेतवर्णीय स्त्रियांपेक्षा किंचित कमी आहे, पण त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे 40 टक्के जास्त आहे. या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी, मी कुठे अडखळले ते सांगते.

उत्तराचे अनेक धागे आहेत. ज्या गाठीत नेहमीची तीन लक्ष्ये (दोन संप्रेरकांचे ग्राहक आणि हर-2 प्रथिन) सापडत नाहीत, तो उपचाराला अवघड असा ट्रिपल निगेटिव्ह प्रकार कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये जवळपास दुपटीने आढळतो. शिवाय विमा, निदानातील विलंब आणि अर्धवट राहणारे उपचार आहेतच. आमच्या गटाच्या वाट्याला इन्सुलिन रेझिस्टन्सचा धागा आला होता. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड ते अधिकाधिक स्रवते, आणि साखरेच्या बाबतीत निष्प्रभ ठरलेले हेच इन्सुलिन गाठीच्या पेशींना मात्र वाढीचा संदेश देत राहते. मोजमाप दिसायला सोपे आहे. उपाशीपोटीची साखर गुणिले उपाशीपोटीचे इन्सुलिन, भागिले 405. याला होमा-आयआर म्हणतात. लठ्ठपणावरून अंदाज बांधण्यापेक्षा हे बरे, हे पुण्याच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय एकच, 22.3, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के, हे त्यांनी 2004 मध्ये छायाचित्रासह दाखवले होते.

माझी मोठी चूक मेटफॉर्मिन या, इन्सुलिनची पातळी उतरवणाऱ्या मधुमेहाच्या औषधाच्या बाबतीत झाली. 2005 मध्ये स्कॉटलंडमधील मधुमेहींच्या नोंदींवरून, हे औषध घेणाऱ्यांत कर्करोग कमी आढळतो असे प्रसिद्ध झाले आणि पुढे अशा निबंधांची रांग लागली. मीही स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या असे दोन गट करून त्या किती काळ जगल्या ते पाहिले; आलेख इतका सुंदर आला की मी तो त्याच रात्री घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी बाईंनी एकाच ओळीवर बोट ठेवले. त्या रुग्णाचे निदान जानेवारी 2010 मधले होते आणि मेटफॉर्मिनची पहिली चिठ्ठी जून 2012 ची. मधली जवळजवळ अडीच वर्षे ती जगली म्हणूनच ती ‘औषध घेणाऱ्या’ गटात येऊ शकली, आणि मी ती वर्षेही औषधाच्या खात्यावर जमा केली होती. याला इमॉर्टल टाइम बायस म्हणतात. चिठ्ठीच्या तारखेपर्यंतचा काळ ‘औषध नाही’ असा मोजल्यावर माझा आलेख जवळपास सपाट झाला. पुढे 2022 मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील एमए.32 या चाचणीचे निष्कर्ष आले. मधुमेह नसलेल्या 3,649 रुग्णांपैकी निम्म्यांना पाच वर्षे मेटफॉर्मिन आणि निम्म्यांना प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) देऊनही आजार उलटण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र यावरून इन्सुलिनचा संबंधच नाही असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण औषध निरुपयोगी ठरणे आणि कारण खोटे ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी अडचण माहितीच्या स्रोताची. कर्करोगनोंदणी आणि मेडिकेअर यांची जोडलेली माहिती हाताशी असते, पण मेडिकेअर हा अमेरिकी सरकारचा आरोग्यविमा प्रामुख्याने 65 वर्षांवरील लोकांसाठी आहे आणि घरी घ्यायच्या औषधांची सविस्तर नोंद त्यात 2006 पासूनच मिळते. कमी वयात ट्रिपल निगेटिव्ह गाठ झालेल्या ज्या स्त्रियांसाठी हा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा, त्यांतल्या बहुतेक त्या फायलीत नसतातच. म्हणून आर किंवा सॅस ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर शिकण्याआधी माहितीपुस्तिका, म्हणजे कोणत्या रकान्यात काय आणि कसे भरले आहे ते सांगणारी पुस्तिका, वाचायला शिका. ‘वंश’ हा रकाना कोणी भरला, रुग्णाने स्वतः की नोंदणी करणाऱ्या कारकुनाने, हे विचारा, आणि त्या रकान्याला जनुकांचे दुसरे नाव समजू नका.

हे मला वर्गात नव्हे, रक्ताच्या नळ्या हाताळताना पटले. इन्सुलिनचा नमुना नाजूक असतो: रक्तपेशी फुटून सीरम लालसर झाले तर त्यातले इन्सुलिन नष्ट होऊ लागते आणि आकडा खोटा कमी येतो. तशा नळ्या मी बाजूला काढत असे, आणि ‘उपाशी नाही’ असा शेरा असलेल्याही. एकदा त्या शेऱ्यांची यादी तपासली, तर त्यात कृष्णवर्णीय स्त्रिया ठळकपणे जास्त होत्या. त्यांपैकी एका बाईंना मी स्वतः भेटले होते. त्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करत आणि जेवणाची सुट्टी पहाटे चारला असे. आठ तासांचा उपास दुपारी बाराला पुरा होणार, आणि आमची रक्त घेण्याची खोली अकराला बंद होत असे. मी मात्र तोवर त्या रकान्यात नुसते ‘अपात्र’ असे लिहून मोकळी झाले होते.