केळीच्या व्हिनेगरचं यीस्ट धुऊन पुन्हा कसं वापरावं

रावेर-यावलकडची केळी पिकायला लागली की एकदम पिकतात. काळ्या पडलेल्या फण्यांचं घरी व्हिनेगर करत असाल, तर तळाचा साका लगेच फेकू नका. पुढच्या खेपेचं यीस्ट त्यातच असतं. बेकरीचं यीस्ट स्वस्त मिळतं, त्यामुळे वर्षातून एकदाच व्हिनेगर करणाऱ्याने या खटपटीत पडूच नये. फळांसाठीचं महागडं यीस्ट मागवणाऱ्याला मात्र ती परवडते.

साका केव्हा काढता, यावर सगळं आहे. रस पाच-सात दिवस फसफसून शांत झालेला असावा, पण त्यात विरजण म्हणून जुनं व्हिनेगर अजून पडलेलं नसावं. धुण्याने गर निघतो, जंतू मरत नाहीत. व्हिनेगरचे जिवाणू एकदा शिरले की तो साका यीस्ट म्हणून बाद. (वरच्या रसात या वेळी मद्यार्क असतो आणि आपल्याकडे मद्य करायला परवाना लागतो. तेव्हा तो रस ठेवून न देता लगेच व्हिनेगरच्या बरणीत ओता.)

काचेच्या दोन बरण्या, झाकणं आणि पळी दहा मिनिटं उकळा. पिण्याचं पाणी वेगळं उकळून, झाकून पूर्ण गार होऊ द्या. गरम पाण्याने यीस्ट मरतं. साक्यात चौपट पाणी घालून हलवा आणि पंधरा मिनिटं थांबा. जड गर खाली बसतो, वर दुधाळ पाणी राहतं. तेच हवंय. ते अलगद दुसऱ्या बरणीत ओता. गर जास्त दिसला तर पुन्हा एकदा धुवा.

बरणी फ्रीजमध्ये ठेवा, पण झाकण सैलच. उरलीसुरली साखर खाऊन यीस्ट वायू सोडतं आणि घट्ट बंद बरणी फुटू शकते. रात्रीतून तळाशी मळकट पांढरा थर जमेल. दोन आठवड्यांत वापरा. मे महिन्यात भारनियमनामुळे फ्रीज तासन्‌तास बंद राहिला असेल, तर तेवढाही भरवसा धरू नका.

वापरण्याआधी वरचं पाणी ओतून द्या. चमचाभर थर कोमट साखरपाण्यात घाला. तास-दोन तासांत फेस यायला हवा, वास पावासारखा. झणझणीत आंबट वास, बुरशी किंवा गुलाबी झाक दिसली तर चाखून न बघता फेका. सगळं ठीक असलं तरी चार-पाच खेपांनंतर नवं यीस्ट आणावं.

उन्हाळ्यात पारा 43-44 अंशांवर जातो आणि 40 च्या पुढे यीस्ट ढेपाळतं. नवी बरणी माठाशेजारी सावलीत ठेवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा आणि दुपारी ते पुन्हा भिजवा.