हेब्डन ब्रिजजवळ कॉटेज घेताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशायरमधलं हेब्डन ब्रिज म्हणजे चित्रकार, लेखक, वादकांचं छोटं गाव. गाव दरीत, आणि मूर, म्हणजे काळ्या पीटचं (कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचं) ओलसर उघडं माळरान, वर डोंगरमाथ्यावर. इथल्या बऱ्याच फजित्यांचं मूळ या चढात आहे.

अंतर बघून बुकिंग करणं

हेप्टनस्टॉल हे डोंगरावरचं खेडं नकाशावर स्टेशनपासून जवळ दिसतं, पण गावातून वर जाणारी ‘बट्रेस’ ही दगडी वाट अंगावर येते. चाकांची बॅग ओढत तिथून जायचा विचारही नको. गाडी थेट दारापर्यंत येते का, हे मालकांना आधी विचारा. खेड्यात एकाच पोस्टकोडमध्ये अनेक शेतघरं येतात, म्हणून ग्रिड रेफरन्स (नकाशावरची नेमकी जागा सांगणारे आकडे) मागून घ्या आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. दरीत सिग्नल जातो. किराणाही आधीच भरा. इंग्लंडमध्ये मोठी दुकानं रविवारी फक्त सहा तास उघडी असतात.

लाकडाची शेगडी चुकीची पेटवणं

सगळ्यात जास्त तक्रारी हिच्याच. धूर खोलीत येतो, कारण धुराडं गार असतं आणि आतली जड हवा धुराला वर जाऊ देत नाही. हवेच्या दोन्ही झडपा, वरची आणि खालची, पूर्ण उघडा. खाली दोन जाड ओंडके, त्यावर काटक्यांची आडवी-उभी रचना, सगळ्यात वर फायरलायटर, पेटवायचं वरूनच. पहिली पाच-दहा मिनिटं दार बोटभर उघडं ठेवा आणि शेगडीपाशीच थांबा. जाळ धरला की दार लावा, खालची झडप बंद करा आणि वरची हळूहळू निम्म्यावर आणा.

रात्रभर धुमसत राहावी म्हणून दोन्ही झडपा बंद करणं ही खरी घोडचूक. काच काळी पडते, धुराड्यात डांबरासारखा थर बसतो आणि पुढे तोच पेट घेतो. लाकडात ओलावा २० टक्क्यांपर्यंतच हवा. पिशवीवर ‘रेडी टू बर्न’चा शिक्का बघा. रानातून वेचलेल्या फांद्या नकोतच. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण पहिल्याच दिवशी दाबून बघा. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून बाहेर ठेवा. निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो.

फोडणीने स्मोक अलार्म वाजतो, तेव्हा आधी एक्झॉस्ट लावा, मग तेल तापवा. अलार्मवर कापड बांधू नका. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जात असेल, तर तेल आणि वाइप्स दोन्ही कचऱ्यात.

गरम पाणी मध्येच संपलं म्हणजे बिघाडच झाला असं नाही. १२० लिटरची टाकी ३ किलोवॉटच्या हीटरवर पुन्हा तापायला दोन तास लागतात. आंघोळी विभागून करा.

मूरवर उशिरा निघणं

जवळच्या हॉवर्थ गावाहून टॉप विदेन्स या जुन्या शेतघराचे पडके अवशेष एका बाजूने साधारण ६ किमी. हिशेब असा: ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. डिसेंबरमध्ये पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये साडेनऊनंतर. उन्हाळ्यातला अंदाज हिवाळ्यात वापरणारेच अडकतात. ओएल २१ हा या भागाचा कागदी नकाशा आणि वॉटरप्रूफ जाकीट जवळ ठेवा, फरसबंद वाट सोडू नका. पांढऱ्या कापशी गवताखाली बहुधा चिखल असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो.

१ मार्च ते ३१ जुलै या काळात खुल्या माळरानावर कुत्रा २ मीटरपर्यंतच्या दोरीतच हवा, कारण पक्षी जमिनीवर अंडी घालतात. बार्बेक्यू तर कधीच नको. पीटची आग जमिनीखाली पसरत जाते. अडचणीत ९९९ हा आपत्कालीन क्रमांक फिरवून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. फोन लागत नसेल तर मेसेजही चालतो, पण त्यासाठी घरूनच ९९९ वर ‘रजिस्टर’ असा इंग्रजीत मेसेज पाठवून नोंदणी करावी लागते.

गावातल्या स्टुडिओ-गॅलऱ्यांचे दिवस ठरलेले असतात. सहलीचा दिवस त्यांच्या वेळा बघून ठरवा. १९२१चं पिक्चर हाउस हे सिनेमागृह मात्र पावसाळी संध्याकाळसाठी हाताशी ठेवा, आणि शेवटची बस किती वाजता वर जाते ते तिकीट काढण्याआधीच बघा.