लॅटिन मिस्सेत पान चुकू नये म्हणून

पारंपरिक लॅटिन मिस्सेला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या जुन्या लॅटिन उपासनेला, पहिल्यांदा येणारे बहुतेक जण मिस्सलमधली (मिस्सेच्या प्रार्थनापुस्तकातली) ओळ न् ओळ फादरांच्या बरोबरीने वाचायला जातात. पाच मिनिटांत पान चुकतं आणि उरलेली मिस्सा पानं उलटण्यातच जाते. मिस्सल शब्दाशब्दाने गाठायचं नसतं. वेदीवर काय चाललंय ते कळलं की पान आपोआप सापडतं.

मिस्सल १९६२चं हवं. जुनी प्रत हाती आली तर कॅननमधली (मिस्सेच्या मध्यवर्ती प्रार्थनेतली) ‘कम्युनिकान्तेस’ ही प्रार्थना काढा. तिथे मरियेच्या पाठोपाठ संत योसेफाचं नाव नसेल, तर प्रत त्याआधीची आहे. रोजच्या मिस्सेला ती चालून जाते. पवित्र सप्ताहात (ईस्टरआधीच्या आठवड्यात) मात्र १९५५ पूर्वीची प्रत चालत नाही. ते विधी १९५५ मध्ये बदलले.

तयारी आदल्या रात्रीच करा. दर मिस्सेला तोच असणारा भाग पुस्तकाच्या मधोमध असतो. एक फीत तिथे घाला, दुसरी त्या दिवसाच्या प्रार्थनांवर. नेहमीच्या पॅरिशची दिनदर्शिका इथे उपयोगाची नाही. जुन्या पंचांगात ‘सामान्य काळ’ (मोठ्या सणांच्या काळाबाहेरचे आठवडे) नाही. रविवार पेंटेकॉस्टपासून (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणापासून) मोजतात. खरा घोळ नोव्हेंबरात होतो. आगमनकाळाआधीच्या (नाताळच्या तयारीच्या काळाआधीच्या) शेवटच्या रविवारी, तो कितवाही असो, चोविसाव्या रविवारचीच मिस्सा असते. रविवार २४ हून जास्त असले, तर तेविसाव्यानंतरची जागा एपिफनीनंतरच्या (६ जानेवारीच्या सणानंतरच्या) राहून गेलेल्या रविवारांनी भरतात. एकूण २६ असतील, तर चोविसाव्याला एपिफनीनंतरचा पाचवा, पंचविसाव्याला सहावा.

आता वेदीकडे बघा, मुख्यतः तिथल्या पुस्तकाकडे. आपल्या उजव्या हाताला आहे तोवर प्रवेशगीत, प्रार्थना, पत्रवाचन. वेदीसेवकाने ते उचलून डावीकडे नेलं की शुभवर्तमान आलं, उभे राहा. कम्युनियननंतर (ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र केलेली भाकर, घेऊन झाल्यावर) ते परत उजवीकडे येतं, म्हणजे शेवटच्या प्रार्थना. एवढं ध्यानात राहिलं तरी निम्मं काम झालं.

‘सांक्तुस’ला (‘पवित्र, पवित्र, पवित्र’ या स्तोत्राला) घंटी वाजते आणि गुडघे टेकायचे. इथून कॅनन, जवळजवळ सगळा मौनात. नवख्या माणसाला वाटतं, आपल्याला ऐकूच येत नाही. पण हे शब्द आपल्याला उद्देशून नाहीतच. फादर बलिदान अर्पण करताहेत, पित्याला. हे मंद स्वरात म्हणणं निंद्य ठरवणाऱ्यांना ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये स्पष्ट शब्दांत नाकारलं. फादरांनी दोन्ही हात अर्पणावर धरले की घंटीचा एक ठोका पडतो. तो ऐकताच वाचन थांबवा. पुढे ख्रिस्तशरीर उंचावलं जातं तेव्हा नजर वर हवी, पुस्तकात नाही. ‘माझ्या प्रभू आणि माझ्या देवा’ एवढं मनात म्हटलं तरी पुरे.

‘दोमिने, नोन सुम दिग्नुस’ (‘प्रभू, मी योग्य नाही’) तीनदा होतं, मग कम्युनियन: गुडघ्यांवर, जिभेवर. ‘आमेन’ म्हणू नका. फादरांच्या वाक्यातच तो येतो, आणि तेव्हा ओठ हलले तर ख्रिस्तशरीर पडण्याचा धोका. कम्युनियनआधीचा उपवास चर्चच्या कायद्याने एक तासाचा आहे, पण ज्यांना झेपतो त्यांनी पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये ठरवलेला तीन तासांचा जरूर पाळावा.

आशीर्वाद झाला म्हणून उठू नका. फादर डावीकडे जाऊन योहानाच्या पहिल्या अध्यायातल्या १४ ओवी वाचतात. ‘एत वेर्बुम कारो फाक्तुम एस्त’ला (‘शब्द देह झाला’) सगळे गुडघा टेकतात, तेव्हा पिशवी आवरत असाल तर तो क्षण हुकतो.

आणि निघण्याआधी मिस्सा अजून त्याच ठिकाणी, त्याच वेळी आहे ना, याची खात्री करा. पोप फ्रान्सिस यांच्या २०२१च्या ‘त्रादितिओनिस कुस्तोदेस’ या आदेशानंतर परवानगी बिशपांच्या हाती आहे, आणि वेळा-जागा बदलत असतात.